मागच्या भिंतीची काच

१

घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं म्हणून गेली. पण मागच्या भिंतीला खिडकी ठेवावी की दरवाजा, याबद्दल कुणी काही सांगून गेलं नाही. सांगितलं असतं तर चौऱ्याण्णव सालच्या होळीनंतर खारी गावातल्या भोईरांच्या नव्या घरात नवराबायको पंधरा दिवस तिसऱ्या माणसामार्फत बोलले नसते. तिसरं माणूस म्हणजे त्यांची अकरावीतली मुलगी चांदणी. ‘पप्पांना सांग’ आणि ‘आईला विचार’ करून बिचारीचं तोंड दुखायला आलं होतं.

घर तसं पुरं झालं होतं. दूध उतू घालून मंडळी राहायलाही आली होती, आणि वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली होती. राहिलं होतं ते हॉलच्या मागच्या भिंतीतलं एक भगदाड, आठ फूट रुंद आणि सात फूट उंच, ताडपत्रीने झाकलेलं. त्याच्यापलीकडे लाद्यांचा नवा ओटा, ओट्याखाली बांध, मग मिठागरं, आणि मिठागरांच्या टोकाला तिवरांच्या झाडीमागे खाडी.

महिपत टेलिफोन खात्यात लाइनमन होता. शांती नगरात कुणाच्या तरी फ्लॅटवर फोन जोडायला गेला आणि तिथला काचेचा सरकता दरवाजा बघून आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच भरलं होतं. बोटाने ढकलला की सरकतो, आवाज नाही. संध्याकाळी ओट्यावर खुर्च्या टाकायच्या आणि खाडीचा वारा खायचा. अंबिकाला, त्याच्या बायकोला, काच हवीच होती; जमिनीपासून वरच्या तुळईपर्यंत हवी होती, पण पक्की बसवलेली. तिला सरकणारं काही नको होतं. रोज सकाळी बालवाडीत अठ्ठावीस पोरं धाकात ठेवणारी बाई ती, तिच्या ‘नको’ला घरात वजन होतं.

अल्युमिनियमचं काम करणाऱ्या मितेशभाईने दोघांचं ऐकून घेतलं, टेप गुंडाळला आणि आपल्या पद्धतीने निकाल दिला. “भाभी, काच दोन्हीमधे तोच, अल्युमिनियमचा सेक्शन पण तोच. फरक एकच. फिक्समधून माणूस बघतो, स्लायडिंगमधून माणूस जातो.”

“तेच म्हणतेय मी,” अंबिका म्हणाली. “जायला नको.”

जाणारं माणूस कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शिवदास, महिपतचे वडील, एकोणऐंशीचे. सारा जन्म आगरात मीठ ओढण्यात गेलेला. दोन वर्षांपासून त्यांच्या आठवणींची चाळण झाली होती. नातीला ते बहिणीच्या नावाने हाक मारत आणि जेवल्यावर पुन्हा जेवायला मागत. तेवढ्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण भगदाडाला नुसती ताडपत्री होती तेव्हा भर दुपारी ते दोनदा तिच्याखालून निघून गेले होते. दुसऱ्या खेपेला अंबिकालाच ते सापडले. भरती चढत होती आणि म्हातारा तिवरांच्या चिखलात मांडीपर्यंत रुतून उभा होता. गावातल्या दोघांना हाका मारून तिने त्यांना बाहेर काढलं. त्या दिवसापासून मागच्या बाजूला उघडणारी कुठलीही गोष्ट तिला डोळ्यांसमोर नको होती.

महिपतने आणखी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग मान डोलावली. बाप त्याचाच होता.

२

काच बसली आणि अंबिकाला पंधरा दिवसांत पहिल्यांदा दुपारची झोप लागली.

मधे एक उभी पट्टी आणि दोन अंगांना दोन मोठ्या काचा. हॉल उजेडाने भरून गेला. बालवाडी आटोपून ती साडेबाराला घरी यायची, म्हाताऱ्याला भात कालवून द्यायची आणि त्यांची वेताची खुर्ची काचेसमोर आणून ठेवायची. आगराकडे बघत ते तासन्‌तास बसायचे. घरामागचं आगर पाचसहा वर्षांपासून पडीक होतं, त्यात खाडीचं पाणी घेतच नव्हते. भेगा पडलेली माती आणि मोडके बांध, एवढंच काय ते दिसायचं. पण म्हाताऱ्याला ते पुरत होतं. चला, एक घोर मिटला, असं ती महिपतला म्हणाली, आणि थेट म्हणाली, मुलीमार्फत नाही.

चौथ्या दिवशी चांदणी कॉलेजातून आली ती दप्तर न ठेवताच आईला हलवायला लागली. ओट्यावर कोण आलं होतं, असं विचारत होती.

काचेच्या अगदी पुढ्यात, वीतभर अंतरावर, लादीवर दोन ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी, मोठी, रुंद पावलं. बोटं काचेकडे. दहाही बोटं एकमेकांपासून फाकलेली, आणि टाचांपाशी पाणी जास्त साचलेलं. एप्रिल अर्धा सरलेला, लादी अशी तापली होती की चांदणीने पाय टेकवून झटकन वर घेतला.

अंबिकाने कपाळाला आठी घातली. कुणी बांधावरून जाणारं असेल, तहान लागली असेल, काचेला नाक लावून आत डोकावलं असेल. तसं डोकावणाऱ्यांची गावात कमी नव्हती. खारीत एवढी मोठी काच दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. तेवढ्यात ठसे सुकले. पाणी उडालं आणि मागे लादीवर पांढुरकी कड राहिली, दोन पावलांच्या आकाराची.

चांदणीने बोटाने ती कड पुसली आणि बोट जिभेला लावलं.

“खारट आहे,” ती म्हणाली.

खारट असणारच, अंबिकाने तिला सांगितलं, मिठागराच्या काठावर राहतो आपण. घरात जाताजाता मात्र तिच्या ध्यानात आलं की ओट्यावर येणारं पाऊल नव्हतं आणि परत जाणारंही नव्हतं. फक्त उभं राहिलेलं होतं.

३

अंबिका भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. बालवाडीत कुणी पोर ‘बागुलबुवा’ म्हणालं तरी ती त्याला हाताला धरून अंधाऱ्या कोठीत नेऊन दाखवायची, बघ, इथे सतरंज्या आहेत आणि पाटीच्या पेन्सिली आहेत. तेव्हा दुसऱ्या दिवशीही ठसे उमटले, तिसऱ्याही दिवशी उमटले, तशी तिने स्वतःलाही हाताला धरलं. साडेतीनला ती सासऱ्यांच्या शेजारी पाट टाकून बसली, मांडीवर तांदूळ निवडायला घेतले आणि ओट्यावर नजर ठेवली.

काही झालं नाही. ऊन होतं, दूर एक बगळा होता. पावणेचारला शिवदासांनी पाणी मागितलं. ती उठली, माठातून तांब्या भरला आणि परत आली. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. ओट्यावर ओली पावलं होती.

आणि शिवदास खुर्चीतून उठून उभे होते. काचेला चिकटून. दोन्ही हात डोक्याच्या वर उचललेले, तळवे उघडे, बोटं किंचित वाकलेली. देवापुढे माणूस हात जोडतो, पोलिसापुढे वर करतो. हे दोन्हींपैकी काही नव्हतं. चिखलात रुतले होते तेव्हाही त्यांचे हात असेच वर होते, हे तिला आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, घाबरून मदतीसाठी वर केले असतील. आता त्यांच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

तिने त्यांना खांद्याला धरून बसवलं. काचेवर आतून, चांगल्या साडेसहा फुटांवर, दोन तळव्यांचे घामट ठसे राहिले. बाहेरच्या पावलांच्या बरोबर वर.

तेव्हा तिने तो आवाज ऐकला. काच जाड होती, बाहेरचा कावळाही धड ऐकू यायचा नाही. पण हे ऐकू आलं. कुणीतरी धापा टाकत होतं. पळून आलेल्या माणसासारख्या भरभर नाहीत. एक श्वास आत, मग तो छातीत अडवून ठेवलेला, आणि मग दातांमधून हळूहळू सोडलेला. तिने तांब्या खाली ठेवला. म्हातारेच असतील, तिने मनाशी म्हटलं, उभं राहून दमले असतील. तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ होती.

तिला भीती वाटली. अगदी सरळ, लहान मुलासारखी भीती वाटली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कोठीत नेऊन दाखवणारी घरात तीच एकटी होती.

४

महिपतला तिने ठशांचं सांगितलं, धापांचं सांगितलं नाही. तो म्हणाला, कुत्रं असेल. दहा बोटांचं कुत्रं कुठलं, असं तिने विचारल्यावर त्याने वर्तमानपत्र उघडलं.

पण पुढचं त्यालाही वर्तमानपत्रामागे लपवता आलं नाही. उजवीकडच्या काचेतून कुरकुर यायला लागली. बांबूवर भार पडला की येते तशी. तीही दुपारीच, चारच्या सुमाराला, आणि मग थांबायची. मितेशभाईला बोलावणं गेलं. तो आला, पाणसळ लावली, बुडबुड्याकडे बघून त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा लावली.

“दोन सूत खाली आला,” तो म्हणाला. दोन सूत म्हणजे पाव इंच. “माझा फ्रेम बरोबर हता. वरून लोड येतोय, भाभी.”

वर काय होतं? तुळई होती, आणि तुळईत केसाएवढीसुद्धा भेग नव्हती. गवंडी येऊन ठोकून बघून गेला, शपथेवर सांगून गेला. मितेशभाईचं आणि त्याचं चांगलंच वाजलं. गवंडी म्हणाला चौकट कच्ची, मितेशभाई म्हणाला भिंत कच्ची. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा चौकट आणखी दोन सूत उतरली होती, आणि ती सगळीकडून सारखी उतरली नव्हती. उजव्या बाजूला, हात दीड हात रुंदीची एक जागा होती, तिथेच वाकली होती. कुणी जड वस्तू तेवढ्या जागेवर टेकवावी तशी.

“हे बरं नाही,” मितेशभाई म्हणाला, आणि नेहमीचं हसणं त्याने आवरलं. “काच हळूहळू नाही तुटत. एकदम फुटतो. आणि असा दाबामधे फुटला ना, तर सगळा आत येणार.”

आत म्हणजे कुठे, हे अंबिकाने वळून बघितलं. वेताची खुर्ची काचेपासून हातभर लांब होती. त्यांना पाण्यापासून वाचवायचं म्हणून हट्टाने तिनेच ही काच बसवून घेतली होती, आणि त्याच काचेखाली ती त्यांना रोज आणून बसवत होती.

तिने खुर्ची आतल्या खोलीत नेली. शिवदास ती ओढत परत हॉलमधे आले. तिने पुन्हा नेली, आणि चार वाजायच्या आधी खोलीला बाहेरून कडी घातली. म्हाताऱ्याने दार ठोठावलं नाही, आरडाओरडा केला नाही. दारामागे उभे राहून ते अजीजीने बोलत राहिले, थांब रं, थांब, येतू. ते तिच्याशी बोलत नव्हते. हॉलमधे काच कुरकुरत होती आणि इकडे सासरा कुणाला तरी धीर देत होता, आणि ती दोन्हींच्या मधे कडीवर हात ठेवून उभी होती. सव्वाचारला सगळं शांत झाल्यावर तिने दार उघडलं. शिवदास जमिनीवर बसले होते आणि रडत होते. सून म्हणून आल्यापासून तिने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

५

शनिवारी सकाळी मितेशभाईच्या माणसांनी काचा उतरवल्या आणि वाकलेली चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली. नवी चौकट उद्या येणार होती. जाताजाता त्याने पुन्हा विचारून घेतलं, उद्या काय आणू भाभी, परत फिक्स का स्लायडिंग? दोन्हीचा माल तयार होता. अंबिका म्हणाली, सकाळी सांगते.

ताडपत्री गच्चीवर कुठेतरी गुंडाळून पडली होती, ती फाटलेली निघाली. म्हणून तिने दोन डबलच्या चादरी वरच्या खिळ्यांना अडकवल्या. मधे फट राहिली, खाली वीतभर जागा राहिली. एका दिवसाचा प्रश्न होता. महिपत दुपारी दोनपर्यंत येतो म्हणाला होता, पण गोडदेवला केबल तुटली आणि त्याचा निरोप आला. चांदणी मैत्रिणीकडे. तेव्हा साडेतीनला घरात दोघंच होती, म्हातारा आणि सून, आणि मागची भिंत नव्हतीच म्हणायला हरकत नाही.

पुन्हा कडी घालायची तिच्या मनाची तयारी होईना. तिने शिवदासांना हॉलच्या पुढच्या टोकाला, टीव्हीजवळ बसवलं, त्यांचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि चादरींकडे बघत बसली. वारा पडला होता. चादरी सरळ लोंबत होत्या, त्यांच्यामागे ऊन होतं. तिने मनाशी ठरवलं, पाचपर्यंत जागचं हलायचं नाही. मग महिपत येईल, मग उद्या नवी काच लागेल. दुप्पट जाडीची लावून घेऊ.

चारला पाच मिनिटं असताना चादरींच्या खाली, त्या वीतभर जागेत, उजेड दोन ठिकाणी अडला.

काही आलं नाही. चालत आल्याचा आवाज नाही. उजेड होता, आणि मग त्या दोन ठिकाणी नव्हता. आणि आता मधे काच नव्हती, त्यामुळे धापा अगदी घरात ऐकू यायला लागल्या. श्वास आत. थांबलेला. मग दातांतून सुटणारा, सुटताना थरथरणारा. मधेच थेंब पडल्याचा आवाज, लादीवर.

“तो आयला बघ,” शिवदास म्हणाले आणि उठले.

६

एकोणऐंशीच्या माणसात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती त्यांच्या हाताला लोंबकळली, दंड धरला, समोर येऊन छातीला छाती लावून अडवलं. ते तिला घेऊन चालत राहिले. हॉलच्या मधोमध तिने पाय रोवले.

“बाबा, बाहेर कुणी नाही. बसा तुम्ही. माझी शपथ आहे तुम्हाला.”

शिवदासांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते तिला ओळखून पाहत होते. आवाजही म्हातारा नव्हता.

“तू गोडदेवची ना गं बाय? आगरवाल्याची लेक ना? त्याच्या डोईवर वझं हाय. कवाचा उबा हाय. हात लावायला नको?”

अंबिकाला एकदम स्वतःची लाज वाटली. तिची आई आगरातून मिठाने भरलेली बांबूची पाटी घेऊन बांधावरून यायची तेव्हाचं तिला आठवलं. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो आणि उतरवायलाही लागतो. एकट्याने उतरवायला गेलं तर मान मोडते, टाकून द्यावी तर दिवसाची मेहनत चिखलात जाते. म्हणून माणूस उभा राहतो. वाट बघतो. आणि बांधावर जो कुणी भेटेल तो हात लावतो. ओळख लागत नाही, जात लागत नाही. कोर्टात भांडण चालू असलेला भाऊबंदही पहिल्यांदा ओझ्याला हात लावायचा आणि मग शिव्या घालायचा. ज्याने तोंड फिरवलं त्याचं नाव गावात चांगलं घेतलं जायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिला येतच होतं. आणि गेले दहा दिवस तिने पावलं मोजली होती, ठसे पुसले होते, काच जाड करायची म्हटली होती.

तिथे खरोखर कुणी असेल का, हा विचार तिच्या डोक्यात आला. पण शिवदास तोवर चादरीपाशी पोचले होते आणि त्यांना एकट्याला ते झेपणार नव्हतं, हे तिला त्याहून जास्त खरं वाटलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मधल्या फटीतून त्यांनी हात बाहेर घातले, वर उचलले. तिनेही उचलले. वर बघायचं नाही एवढं तिने ठरवलं.

बोटांना बांबूची कड लागली. ओली, गार, धारदार.

“घे,” शिवदास म्हणाले.

आणि वजन आलं. खांद्यातून, पाठीतून, थेट टाचांपर्यंत आलं. तिची मान आपोआप खाली गेली, आणि मिठाचं पाणी मनगटांवरून ओघळत तिच्या कोपरांपर्यंत आलं. एवढं ओझं कुणी डोक्यावर घेऊन उभं राहतं? किती वेळ? डोळ्यांसमोर फक्त चादरीची कड होती, आणि तिच्याखाली लादीवर दोन पावलं. भेगाळलेली, मिठाने पांढरी पडलेली, बोटं फाकवून जमिनीला धरून ठेवलेली. नखं नव्हती. तिने तेवढंच पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली, कारण हलवली असती तर हातातलं सुटलं असतं.

हळूहळू, वीत वीत, त्यांनी ते खाली आणलं. शिवदास मधे मधे ‘जरा तुज्याकडं, हां, आता सोर’ असं सांगत होते, जन्मभर करत आलेल्या कामात माणूस सांगतो तसं. पाटी लादीला टेकली. बांबू एकदा करकरला.

पावलांची बोटं सैल झाली. एक एक करून, जमिनीवरची पकड सोडत, एकमेकांजवळ आली. मग वरून कुठून तरी, चादरीच्या पलीकडून, एक श्वास बाहेर पडला. अडवलेला नाही, दातांतून नाही. मोठा, लांब, पोटातून आलेला, संपता संपत नव्हता. त्यात गारवा होता, चादर आत फुगली आणि अंबिकाच्या चेहऱ्यावरून फिरली. आणि तिच्या खांद्यावरून, मानेवरून असं काही उतरत गेलं की ती मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. रडू येत होतं आणि ती हसत होती.

चादर सरळ झाली तेव्हा खालच्या फटीत ऊन होतं. तिने चादर बाजूला केली. ओट्यावर एक गोल ओली कड होती, पाटीच्या बुडाएवढी. बघता बघता तीही पांढरी होऊन गेली. आगरात बगळे होते, बांधावर कुणी नव्हतं.

शिवदास तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि तळवे धोतराला पुसत होते. तिने त्यांना विचारलं, हळूच विचारलं, कोण होतं ते.

“कोन काय,” ते म्हणाले. “दमलेला होता.”

मग त्यांनी चहा मागितला. दुपारचा चहा त्यांचा झालेला होता, पण तिने पुन्हा ठेवला, आणि दोघांनी मिळून, उघड्या ओट्यावर बसून प्याला.

७

सकाळी मितेशभाईने भिंतीला टेकवलेली जुनी चौकट सहज म्हणून मोजली आणि तिला दोन वेळा उलटीपालटी केली. सरळ होती. सुताचाही फरक नव्हता. गवंड्याने चुपचाप येऊन ठोकून दिली असणार, चोर आहे तो, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो त्यावर खूष होता.

“तर काय लावू भाभी?”

अंबिका म्हणाली, “सरकणारा.”

महिपतच्या हातातली बशी तशीच राहिली. बाबांचं काय, असं त्याने विचारलं. तूच म्हणत होतीस ना. तिने त्याला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की माणसाला कोंडून वाचवता येत नाही, मी लक्ष ठेवीन. पंधरा दिवस भांडून हरलेला वाद असा आयता जिंकल्यावर महिपतने खोलात जायचं कारण नव्हतं. आपण सुरुवातीपासून हेच म्हणत होतो, असं तो शांती नगरापर्यंत सांगत फिरला.

दरवाजा लागला. पहिले दोन दिवस घरात सगळे होते, कुणी ना कुणी ओट्यावर बसलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी होती आणि स्वैपाकघरात पोळ्यांची कणीक मळत होती, तेव्हा दरवाजा सरकला. बोटाने ढकलला की सरकतो, आवाज नाही, असं महिपत म्हणायचा, पण थोडा येतो. तिला ऐकू आला. हात कणकेने भरलेले तशीच ती दारापर्यंत आली आणि तिथून पुढे गेली नाही.

शिवदास ओटा उतरले होते. खाली बांधावर गेले होते. खाडीकडे तोंड करून, एक हात कपाळाशी धरून ते उन्हात बघत होते, आणि भरतीची वेळ होती. अंबिकाला हाक मारायची होती. हाक तोंडाशी आली, पण तिने ओठ मिटून घेतले. बांध सरळ रिकामा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हाताऱ्याने तो पूर्ण बघितला, पुन्हा एकदा बघितला. कुणीही उभं नव्हतं.

मग ते वळले. ओट्याच्या पायरीला हात टेकत वर आले, आत आले, पाय पायपुसण्यावर पुसले आणि आपल्या हाताने दरवाजा ओढून घेतला.

“ऊन लय हाय,” ते तिला म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.